‘सौ.’पासून ‘गं. भा.’पर्यंत
(वैधव्य, वार्धक्य आणि आरोग्य यांच्या इतिहासाची काही पाने)

मराठी पत्राच्या मायन्यात स्त्रीच्या आयुष्याचा सारा इतिहास एकदोन अक्षरांत सामावलेला असतो. लग्नाआधी ती ‘कु.’ असते, लग्नानंतर ‘सौ.’ होते आणि पतीच्या निधनानंतर ‘श्रीमती’ किंवा ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी. पुरुष मात्र तिन्ही अवस्थांत ‘श्री.’च राहतो. एप्रिल २०२३ मध्ये शासकीय व्यवहारात ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याची कल्पना महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आली, तेव्हा बराच वाद झाला. वाद शब्दाचा होता. परंतु ज्या दिवशी हा शब्द बदलतो त्या दिवसापासून त्या व्यक्तीच्या ताटात, झोपेत, औषधपाण्यात आणि उरलेल्या आयुष्याच्या लांबीत काय बदल होतो, हा प्रश्न शब्दाहून मोठा आहे. त्याचा शोध इतिहासात घ्यावा, विशेषतः आपल्या गोदाकाठच्या इतिहासात घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मृत्यूने जे नेले आणि माणसांनी जे काढून घेतले

जोडीदाराचा मृत्यू ही ईश्वराच्या इच्छेची बाब आहे असे आपण म्हणतो. पण त्यानंतर जे घडते ते सर्वच ईश्वरी इच्छेने घडत नाही. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ब्राह्मण व काही उच्चवर्णीय घरांत पती वारला की पत्नीच्या डोक्यावरचे केस जात, अंगावर लाल आलवण येई, जेवण एकभुक्त होई, उपवास वाढत आणि मंगलकार्यात तिचे दर्शन अशुभ ठरे. घरातील कष्टाची कामे मात्र तिच्याकडेच राहत. कुणबी, माळी आदी अनेक जातींत ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ लावण्याची चाल होती, म्हणजे विधवेला दुसरा संसार मांडता येत असे. तथापि प्रतिष्ठा वाढली की ती चालही सोडून देण्याकडे कल असे.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याने पुनर्विवाह कायदेशीर ठरवला, पण पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने घर काढून घेतले, अशी ही तडजोड होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा एका विधवेचाच मुलगा. तो पुढे डॉक्टर झाला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी सभा घेऊन विधवांचे केस कापणार नाही असे ठरवले. ज्यांच्या वस्तऱ्याशिवाय ही रूढी चालूच शकत नव्हती, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला ही घटना आजही विचार करायला लावते. त्याच वर्षी जोतीराव गेले. सावित्रीबाई वैधव्यातही सत्यशोधक समाजाचे काम करीत राहिल्या आणि १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, त्याच रोगाने गेल्या.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. दुःख, एकटेपणा आणि वय यांनी येणारे दुबळेपण एक; आणि अन्न, छप्पर, हक्क, स्पर्श व मान यांच्या कपातीने येणारे दुबळेपण दुसरे. पहिल्यावर माणसाचा इलाज थोडा चालतो. दुसरे तर सर्वस्वी माणसांनीच निर्माण केलेले असते. इतिहास वाचताना असे दिसते की, जोडीदार गमावलेल्या माणसाची प्रकृती बऱ्याच अंशी या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून राहिली आहे.

निफाडचे न्यायमूर्ती आणि रमाबाई

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. विधवाविवाहाचे ते पुरस्कर्ते. परंतु १८७३ साली त्यांची पहिली पत्नी निवर्तली तेव्हा, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी सुमारे अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. त्याच पुढे रमाबाई रानडे म्हणून प्रसिद्धीस आल्या. रानड्यांवर त्या काळीही टीका झाली आणि नंतरही होत राहिली. आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेतील महत्त्वाची बाब निराळी आहे. पुरुषाचे एकटेपण कुटुंबाला एक वर्षही पाहवत नव्हते. त्याला जेवू घालणारे, त्याचे दुखणेखुपणे पाहणारे माणूस हवे, हे सर्वांना तत्काळ समजत होते. स्त्रीचे एकटेपण मात्र जन्मभराचे मानले जाई.

रानड्यांनी रमाबाईंना घरीच शिकवले. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाईंच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात याच गावात झाली. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती निवर्तले तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आतच होत्या. पुढे तेवीस वर्षे त्या जगल्या. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले. तेथे शिकलेल्या अनेक स्त्रिया, त्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. ज्यांची सावलीही शुभकार्यात नको होती, त्यांच्याच हातांत आजाऱ्याची नाडी आली. रमाबाई १९२४ साली निवर्तल्या. अक्षरओळख, काम आणि सोबत या तीन गोष्टी त्यांच्या वैधव्याला आधार होत्या, आणि त्याच गोष्टी त्यांनी इतर स्त्रियांना मिळवून दिल्या.

याच काळात पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्या स्वतः १८८२ मध्ये विधवा झालेल्या. त्यांच्या शाळेत गोदूबाई नावाची बालविधवा शिकली आणि ११ मार्च १८९३ रोजी विधुर असलेल्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा विवाह झाला. बहिष्कार सोसूनही हा संसार सत्तावन्न वर्षे टिकला. आनंदीबाई कर्वे १९५० मध्ये गेल्या, तेव्हा अण्णासाहेब ब्याण्णव वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी बारा वर्षे जगले आणि १९६२ साली वयाच्या एकशे चाराव्या वर्षी निवर्तले. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. तरीही उतारवयात दुसऱ्यांदा विधुर झालेल्या या माणसाभोवती मुले होती, संस्था होती आणि रोज भेटायला येणारी माणसे होती, हे विसरता येणार नाही.

जलालपूरची मनू

नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या मनकर्णिका गोखले, म्हणजेच लक्ष्मीबाई टिळक, यांचे जीवन तर या विषयाचा जणू पाठच आहे. अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि सव्वीस वर्षांच्या लक्ष्मीबाई एका विचित्र अवस्थेत सापडल्या. पती जिवंत होता, पण संसार नव्हता. त्या सौभाग्यवती होत्या आणि नव्हत्याही. पुढील पाच वर्षे त्यांच्या जिवाची झालेली तगमग ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या काळात त्या तगल्या त्या आप्तांमुळे, विशेषतः बहीण-मेहुण्यांच्या आधारामुळे. १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती दीक्षा घेतली. संसार पुन्हा जुळला होता आणि तो फुलला.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. औपचारिक शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी वैधव्याच्या सतरा वर्षांत काय केले ते पाहावे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे दहा-अकरा अध्याय लिहून ठेवले होते. पुढील साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहाने आठवणी लिहिल्या आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला. मुलाच्या घरात त्या अडगळ नव्हत्या. घराला त्यांचे सांगणे ऐकायचे होते, लिहून घ्यायचे होते. वृद्ध माणसाला आपले कोणी ऐकते आहे असे वाटणे हे मोठे औषध आहे.

लक्ष्मीबाईंची मधली पाच वर्षे ज्यांच्या वाट्याला कायमची येतात, अशा परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्नही आपल्याच भागातून पुढे आला. शेजारच्या संगमनेर येथे १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली आणि ‘टाकलेली’ या शब्दामागील उपासमार व आजारपण समाजापुढे मांडले गेले. विधवेला निदान सहानुभूती मिळते. टाकलेल्या बाईला म्हातारपणी तीही मिळत नाही.

आकडे काय सांगतात

विवाह आणि आयुर्मान यांचा संबंध मोजून पाहण्याचा एक आरंभीचा प्रयत्न १८५८ साली इंग्लंडमधील विल्यम फार यांनी केला. फ्रान्समधील मृत्यूंची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की, अगदी कोवळ्या वयातील विवाह सोडले तर विवाहितांचा मृत्युदर अविवाहितांपेक्षा कमी आणि जोडीदार गमावलेल्यांचा बहुधा सर्वांत अधिक असतो. निरोगी माणसांचे विवाह अधिक होतात, तसेच नवरा-बायको एकच अन्न खातात, एकाच घरात आणि एकाच गरिबीत राहतात. त्यामुळे त्यांची दुखणीही सारखी असू शकतात. हे आक्षेप खरे आहेत. पण ते लक्षात घेऊनही नंतरच्या अभ्यासांत फरक उरतोच.

त्यांतील एक अभ्यास फार बोलका आहे. इंग्लंड व वेल्समधील पंचावन्न वर्षांवरील ४४८६ विधुरांची नोंद ठेवण्यात आली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांपैकी २१३ जण मरण पावले. त्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण ४० टक्क्यांनी अधिक होते. या वाढीव मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा होता. त्यानंतर मृत्युदर हळूहळू पूर्ववत झाला. ‘काळीज तुटले’ असे आपल्या आयाबाया म्हणत आल्या, तो केवळ अलंकार नव्हता. जपानी डॉक्टरांनी १९९० साली तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा एक भाग फुग्यासारखा होतो अशा विकाराचे वर्णन केले. तो मुख्यतः उतारवयातील स्त्रियांत आढळतो आणि बहुतेक रुग्ण उपचाराने बरे होतात.

धक्का मृत्यूच्या आधीही बसू लागतो. अमेरिकेत पाच लाखांहून अधिक वृद्ध जोडप्यांच्या नोंदींवरून २००६ साली असे दिसून आले की, एका जोडीदाराला रुग्णालयात दाखल करावे लागले की दुसऱ्याच्याही मृत्यूचा धोका वाढतो. आणि आजार स्मृतिभ्रंशासारखा असेल तर तो विशेष वाढतो. २००९ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, घटस्फोट किंवा वैधव्य वाट्याला आलेल्यांना दीर्घकालीन आजार अखंड विवाहितांपेक्षा २० टक्के अधिक आढळले. पुन्हा विवाह केलेल्यांत हे अंतर १२ टक्क्यांवर आले. म्हणजे नवी सोबत मदत करते, पण जुना घाव पूर्णपणे पुसत नाही.

भारतातील चित्र आणखी गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत चार कोटींहून अधिक विधवा स्त्रियांची नोंद झाली. विधुरांची संख्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नवरा वयाने मोठा असतो आणि विधुर पुन्हा लग्न करतो, ही त्याची दोन मुख्य कारणे. लोकसंख्याशास्त्रज्ञ मारी भट यांच्या अभ्यासानुसार, भारतातील वयस्क विधवांचा मृत्युदर त्याच वयाच्या विवाहित स्त्रियांपेक्षा ८६ टक्क्यांनी अधिक होता. बांगलादेशातील मतलब या ग्रामीण भागातील अभ्यासाने त्याचे मर्म उघड केले. ज्या विधवा स्वतः कुटुंबप्रमुख होत्या किंवा कर्त्या मुलाजवळ राहत होत्या, त्या इतरांच्या आश्रयाने राहणाऱ्या विधवांपेक्षा अधिक जगत होत्या. घर कोणाचे, यावर आयुष्य अवलंबून होते.

छप्पर आणि हिस्सा

या ‘घर कोणाचे’ प्रश्नावर आयुष्य वेचणारी एक स्त्री नाशिकलाच जन्मली. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील ख्रिस्ती झालेले पारशी धर्मोपदेशक. ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेल्या कॉर्नेलिया १९०४ पासून बंगालच्या बाजूला पडद्यातील स्त्रियांच्या, त्यांतही प्रामुख्याने विधवांच्या, मालमत्तेविषयी सरकारी कायदा-सल्लागार होत्या. वाड्याच्या आत कोंडलेल्या या स्त्रियांना वकील भेटू शकत नसे आणि वैद्यही क्वचितच भेटे. मालमत्तेचे रक्षण आणि जिवाचे रक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या कामाचे सार होते.

हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क १९३७ मध्ये आणि पूर्ण मालकी १९५६ मध्ये मिळाली. आपणा ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारल्यास आणि मुले असल्यास पत्नीला एक तृतीयांश हिस्सा मिळतो. मुले-नातवंडे नसून अन्य रक्ताचे नातेवाईक असतील तर निम्मा मिळतो. पत्नीमागे राहिलेल्या पतीलाही हाच नियम आहे. हा हिस्सा मुलांची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. कित्येक माता दफनविधीनंतर महिन्याभरात, कागद न वाचता, “मुलांनी सांगितले” म्हणून सही करतात आणि पुढे स्वतःच्याच घरात पाहुण्या होतात. औषधासाठी शंभर रुपये मागताना ज्या स्त्रीला तीनदा विचार करावा लागतो, तिचा रक्तदाब ताब्यात राहील कसा?

तिसाव्या दिवसानंतर

ख्रिस्तसभेला हा विषय नवा नाही. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची हेळसांड होते अशी तक्रार आली, म्हणून यरुशलेममध्ये सात सेवक नेमले गेले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. तिमथीला पाठवलेल्या पहिल्या पत्रात साठ वर्षांवरील विधवांच्या नोंदणीचा उल्लेख येतो. इ. स. २५१ च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रानुसार रोमची ख्रिस्तसभा पंधराशेहून अधिक विधवा व गरजू यांचे पालनपोषण करीत होती. नाव नोंदणे आणि अन्न पोहोचवणे ही त्या सभेची पहिली संघटित सेवा होती.

आपल्या धर्मग्रामांत दफनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते. सातव्या दिवशी माणसे येतात, महिन्याच्या मिस्साला येतात. मग वर्षश्राद्धासारखी वर्षाची मिस्सा येईपर्यंत कोणी फिरकत नाही. वर सांगितलेला सहा महिन्यांचा धोका नेमका या रिकाम्या जागेत पडतो. दुसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत दर आठवड्याला एक घर भेट, एवढे काम संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या बंधुभगिनींना आणि शेजारच्या कुटुंबांना जड नाही. त्या भेटीत जेवण झाले का, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, इतके तरी विचारले जावे. विधुर आजोबांना तर हे प्रश्न आवर्जून विचारावेत. चहाच्या डब्यापासून रक्तदाबाच्या गोळीपर्यंत सारे जिच्या हातात होते, ती गेल्यावर ते उपाशी राहतात आणि ‘मी ठीक आहे’ म्हणून सांगतात. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतील तर त्यांना फोनवर तेच उत्तर मिळते आणि ती निर्धास्त होतात.

ज्यांना पुन्हा सोबत हवी असेल त्यांचाही विचार करावा. मृत्यूने विवाहबंधन संपते आणि मागे राहिलेली व्यक्ती पुन्हा विवाहास मोकळी असते, ही ख्रिस्तसभेची शिकवण संत पौलाच्या काळापासूनची आहे. तरी साठीतील विधवेने हा विचार नुसता बोलून दाखवला तरी घरात वादळ उठते. त्या वादळात लाज किती आणि वाटणीची भीती किती, हे प्रत्येक घराने प्रामाणिकपणे तपासावे.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे थांबवावे, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. आपण ख्रिस्ती लोक कुंकू लावत नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही असे कोणी समजू नये. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूला रस लावताना काही घरांत विधवा आई किंवा आत्या आजही मागच्या खोलीत बसते. तिला कोणी हाकललेले नसते. ती स्वतःच उठून जाते, कारण इतक्या वर्षांत तिला तसे शिकवले गेले आहे. पुढच्या लग्नात पहिला हात तिचाच लागावा. तिला हाताला धरून पुढे आणण्यासाठी ठरावाची गरज नाही, घरातल्या एका माणसाने उठण्याची गरज आहे.